चार तासांची पावती

वामनरावांनी पाण्याची पावती घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली होती. स्वतःच्या लग्नाचा फोटोही त्यांनी इतका जपला नव्हता.

आजवर कालव्याचं पाणी एकरावर मिळायचं. हंगामाची पट्टी भरली की चारीला पाणी आहे तोवर शेतात सोडा, कोणी विचारत नसे. यंदा पाणी वापर संस्थेने तासाचा भाव लावला, तोही आगाऊ. गावाने ओरड केली, सगळ्यात मोठ्याने वामनरावांनी. आणि मग संस्थेत जाऊन तेच पुरे चार तास लिहून आले.

"मामाजी, हरभऱ्याले दोन तास लय झाले," त्यांची सून सुरभी बांधावरून तिसऱ्यांदा म्हणाली.

तिचा एक कान सासऱ्यांकडे होता, दुसरा लेक वैष्णवीच्या पैंजणांकडे. अडीच वर्षांची पोर आणि तुडुंब वाहणारी चारी! म्हणून तिने पैंजणांना जास्तीचे घुंगरू लावून घेतले होते. वाजत होते तोवर जीव थाऱ्यावर. दुसरी काळजी हरभऱ्याची. तासाचा भाव ऐकून तिनेच 'गहू नको, कमी पाण्याचं पेरू' म्हणत घर डोक्यावर घेतलं होतं. आता जास्त पाण्याने मुळं सडून हरभरा उभळला, उभाच वाळून गेला, तर बोल तिलाच लागणार होता.

"पैसे चाराचे भरले. मंग दोन तासाचं पाणी कोणाच्या घशात घालू?"

"मोहिउद्दीनभाऊच्या गव्हाले द्या. त्यायची पाळी परवा हाय, आन् गहू आजच मान टाकून राह्यला."

"फुकट?"

"उसनं."

"पाणी उसनं द्याले ते काय साखर हाय?"

शेजारच्या बांधावर फावड्याला टेकून मोहिउद्दीन सगळं ऐकत होता. "राहू द्या ना वहिनी. काकाचं झिरपून येईन तेवढंच पिईन माहा गहू. गरीब हाय बिचारा."

"मामाजी, बाभुळगावचं लग्न आठवते काय?" सुरभीने विचारलं.

वामनरावांनी घड्याळात डोकं घातलं.

"पाचशे एक रुपये आहेर दिला म्हणून..."

"सात जिलब्या खाल्ल्या. मंग?"

"अकरा. आन् दोन दिवस सोडा पीत होते. हरभऱ्याले कोण सोडा पाजीन?"

मोहिउद्दीन एवढा हसला की फावडं हातातून निसटलं. वामनराव मात्र ढिम्म. "एक तास पन्नास मिनिटं झाले," त्यांनी जाहीर केलं. "दोन तास दहा मिनिटं बाकी हायत."

तेवढ्यात घुंगरू थांबले.

सुरभी चारीकडे धावली. चारीत कोणी नव्हतं. वळून पाहिलं, तर वैष्णवी हरभऱ्याच्या मधोमध उभी, दोन्ही पाय पोटरीपर्यंत काळ्या चिखलात. रडावं की नाही, हे तिचं अजून ठरायचं होतं. आजोबा आधी पोचले. पोरीला वर ओढलं, तशी ती आली, पण एक सँडल आतच राहिली. वामनरावांनी हात घातला. मनगट गेलं, मग कोपरापर्यंत हात गेला. वर आला तो नुसता चिखल.

ते त्या मुठीकडे बघत राहिले. सुरभीने पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"मोहिउद्दीन!" वामनराव ओरडले. "काय बघत राह्यला? फिरव पाणी तुह्याकडं!"

"किती वेळ, काका?"

"दोन तास दहा मिनिटं. उसने! साखर समजून घे."

पंधरा दिवसांनी मोहिउद्दीनने आपल्या पाळीतलं उसनं पाणी परत करायला घेतलं. हरभरा हिरवागार होता, घाट्यांनी लगडलेला. पाणी सोडून तास होतो न होतो, तोच वामनरावांनी बांधावरून हाक मारली.

"सुरभी, वैष्णवीले आण व. पाणी मोजाचं हाय."

"माह्या पोरीचा पाय फुकट नाही, मामाजी. तासाचा भाव लागन."

"घ्या! आता पायालेबी पट्टी!" म्हणत वामनरावांनी स्वतःच्या चपला काढून बांधावर ठेवल्या आणि धोतर वर खोचून हरभऱ्यात उतरले. घोट्याशी ओल लागताच त्यांनी हात वर केला.

"बंद कर रे, मोहिउद्दीन. बाकीचं तुह्या गव्हाले."