दिलेली पेटी

दुपारचं जेवण झालं आणि समुद्राकडचा खारा वारा खिडकीतून आत आला, की हेमाचे डोळे जड व्हायचे. स्क्रीनवरच्या ओळी हलायला लागायच्या. कामाच्या वेळी डुलक्या! पण तिला नेमकं तेव्हाच सुचायचं, त्याला कोण काय करणार?

पुण्याची नोकरी सोडून ती रत्नागिरीला आली, ती आप्पांच्या भरवशावर. आप्पा म्हणजे आंबा बागायतदारांच्या संघाचे अध्यक्ष. संघाच्या पेट्या, ट्रक आणि बिलांचा हिशेब ठेवणारा जुना प्रोग्राम सांभाळायचं काम त्यांनी तिला दिलं होतं. प्रोग्राम कसला, नुसता उच्छाद! ज्या भाषेत तो लिहिला होता, तिच्यात कुठल्याही भागानं कशालाही हात लावावा. ट्रकची वेळ बदलली की बिलं बिघडायची. "यंदा हंगामात अडकलं तर काम पुण्याच्या कंपनीकडे जाईल हो," आप्पांनी बजावलं होतं. म्हणजे हेमानं पुन्हा बॅग भरायची.

म्हणून ती सगळं नव्या भाषेत लिहीत होती. हिचा कायदा कडक. प्रत्येक भागाला बागेसारखा स्वतःचा दगडी गडगा, आत जायचं तर कवाडीच्या दारातूनच. वस्तूचा मालक एका वेळी एकच, आणि एकदा ती दुसऱ्याला दिली की आपला हक्क संपला. लिहिलेलं तपासणारा कंपायलर यात कोणाची गय करत नाही.

आज तो एकाच ओळीवर अडून बसला. प्रत्येक बागेची आंब्याची पहिली पेटी गणपतीपुढे ठेवायची, ही संघाची रीत. प्रोग्राम ती देवाच्या नावावर करायचा. कंपायलर विचारत होता, पेटी देऊन झाली, मग ट्रकच्या भागात ती परत कशी?

हेमानं जुनी ओळ पुन्हा वाचली आणि तिची झोपच उडाली. देवापुढची पेटी संध्याकाळी गुपचूप विक्रीसाठी मुंबईच्या ट्रकात चढत होती. इतकी वर्षं! जुन्या भाषेनं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

पेटीची नक्कल कर, म्हणजे कागदावर एक देवाची आणि एक ट्रकची, एवढं एका शब्दात लिहिलं असतं तरी कंपायलर गप्प बसला असता. आप्पा खूश, काम शाबूत. तो शब्द लिहावा की नको, या घोळात तिला परत डुलकी लागली. स्वप्नात ती उन्हातल्या आंब्याच्या कलमांतून चालत होती. कवाडीपाशी एक पेटी होती. ती उचलायला वाकली, तर हात रिकामेच वर आले. कोणी रागावलं नाही, पेटी तिची नव्हती एवढंच.

जाग आल्यावर ती थेट पॅकिंगच्या शेडमध्ये गेली. आप्पा पेटीत पेंढा भरत होते.

"आप्पा, देवाची पेटी ट्रकात चढवणारी ओळ मी नव्या प्रोग्राममध्ये घालणार नाही."

"हे कोण ठरवणार? तू?"

"भाषाच नाही म्हणतेय. आणि मीही."

आप्पांचे हात थांबले. हातातला पेंढा त्यांनी खाली ठेवला.

"मीच घालायला लावली गो ती," ते म्हणाले. "पीक बुडालं त्या वर्षी. तेवढ्यापुरती. मग राहिली ती राहिलीच. काढा म्हणायचं, तर आधी घातली हे सांगायला हवं ना? दरवर्षी पेटी ठेवतो, पण वर बघायचा धीर होत नाही. कोणीतरी मला नाही म्हणावं, म्हणून थांबलो होतो बघ."