ओलं आहे अजून

"हात लावू नका! ओलं आहे अजून!"

सासूबाई दारातूनच ओरडल्या आणि चित्र न्यायला आलेले दोन हमाल जागच्या जागी थिजले. ही त्यांची तिसरी खेप. मी कपाळावर हात मारून घेतला.

सासरे चित्रकार होते. डोळ्यांना दिसतं ते नाही, पोटात ढवळतं ते काढायचे. त्यामुळे त्यांच्या चित्रातली माणसं हिरवी आणि घरं वाकडी. हे त्यांचं शेवटचं चित्र, समुद्राचं. समुद्र काळाकुट्ट, अंगावर येणारा, वर आभाळात एवढीशी पिवळी चीर. रंग सुरीनं थापलेला, बोटभर जाड. ते जाऊन वर्ष होत आलं तरी तो सुकायचं नाव घेत नव्हता. प्रदर्शनवाले म्हणाले, "काय संताप आहे!" शेजारीण म्हणाली, "बाई गं, हे बघून घास उतरणार नाही." मला तर त्याची चक्क भीती वाटायची.

सासूबाई मात्र रोज सकाळी त्यातल्या सगळ्यांत जाड लाटेवर बोट टेकवायच्या. बोटाला काळं लागलं की चिंधीला पुसून समाधानानं चहाला यायच्या.

हमाल हात हलवत परत गेले आणि माझा तोल सुटला. "आई, पुरे झालं हं आता! प्रदर्शन तोंडावर आलंय. बाबांचंच नाव होणार ना? मग तुम्ही का अडून बसलाय?"

त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"शेवटच्या दिवशी आमचं वाजलं होतं गं. डॉक्टरांनी पडून राहा म्हणून सांगितलेलं, आणि हे आपले उभे! मी म्हटलं, त्या समुद्रातच जीव द्या एकदाचा. थोड्या वेळानं हाक आली, 'अगं, जरा बघ ना, फार काळं झालं का?' मी स्वयंपाकघरातनं हूं की चूं केलं नाही. म्हटलं, बसू देत ओरडत. पुन्हा हाक आलीच नाही. जाऊन बघते तर रंगाची सुरी हातातच."

मी त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी पेला तसाच हातात धरला.

"नेहमी म्हणायचे, ओलं आहे तोवर बदलता येतं. सुकलं की संपलं."

त्यानंतर मी हमालांना बोलावलं नाही. नवऱ्यानं कटकट केली, त्याला गप्प केलं. प्रदर्शनवाल्यांना सांगितलं, तेवढी भिंत रिकामी ठेवा.

एका सकाळी सासूबाईंनी लाटेवर बोट टेकवलं. दाबलं. पुन्हा दाबलं. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरलं.

"बोलाव त्यांना," म्हणाल्या.

हमाल आले, चित्राला कापड गुंडाळायला लागले. "थांबा जरा," म्हणत सासूबाई पुढे झाल्या. चष्मा लावून त्यांनी आभाळापासून खालपर्यंत सगळं चित्र सावकाश पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना असं पाहताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "फार नाही झालं काळं."

हमालाला वाटलं, त्यालाच सांगतायत. "बरं, आजी," म्हणून त्यानं गाठ मारली.

ते जिना उतरून गेले. सासूबाईंनी खुंटीवरची चिंधी घेतली आणि ते कोरडं बोट पुसत बसल्या.