हातिजेची थाळी

अन्नपूर्णाबाई तुर्कस्तानला निघाल्याची बातमी फुटली तेव्हा वडनेर भोलजीतल्या अर्ध्या गावाला तो देश कुठं आहे हे माहीत नव्हतं, आणि उरलेल्या अर्ध्याला तिथं कशाला जायचं हे कळत नव्हतं. मत मात्र प्रत्येकाकडे होतं आणि ते न विचारता मिळत होतं.

बाईंची लेक दीपमाला पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. सूतगिरणीची यंत्रं शिकायला कंपनीनं तिला तिकडच्या बुरसा शहरात धाडलं होतं, आणि आईनं एकदा यायचंच असा तिनं हट्ट धरला होता. बाईंचं आयुष्य वांगी, मिरची आणि मेथीच्या वाफ्यांत गेलेलं. माहेर, शेगाव आणि लग्नाकार्याला फार तर अकोला, एवढंच त्यांचं जग. पण लेकीचा फोन आला तेव्हा त्या एका झटक्यात 'हाव, येतो' म्हणाल्या. त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

नवरा रंगराव माणूस वाईट नव्हता. फक्त घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर निघालं की त्याच्या पोटात गोळा यायचा, आणि पोटात गोळा आला की तोंडातून कायदा यायचा.

"पोरगी एवढी म्हणून राह्यली, तं एकडाव जाऊन ये," तो म्हणाला. "पण मंग पुन्हा इदेशाचं नाव काढाचं नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? विमानात बसायच्या आधीच भांडण कशाला, असा त्यांचा हिशेब. मनातून मात्र त्यांना ते मुळीच कबूल नव्हतं.

खरा घाव घातला तो धाकट्या जावेनं. "व माय, तिथं तुयाशी बोलीन कोण? ना भाषा ना बोली. कोपऱ्यात पोतं ठेवल्यावानी बसून राहशीन."

पोतं! तो शब्द बाईंच्या जिव्हारी लागला. काय वाट्टेल ते होवो, पोतं होऊन परत यायचं नाही, एवढं त्यांनी पक्कं ठरवलं.

इस्तंबूल पाहून झालं. मोठाल्या मशिदी, राजवाडे, समुद्र, पूल. वर बघून बघून मान आखडली आणि भोवती हजारो माणसं असून बोलायला एक नाही. हॉटेलातला पोऱ्या हसायचा, पण तो सगळ्यांकडेच बघून हसायचा. बाई खोलीत परत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या की त्यांना जावेचं बोलणं आठवायचं.

"दीपे, मोठं गाव पुरे," त्या म्हणाल्या. "मले एखादं आपल्यावानी गाव दाखव."

म्हणून दीपमालेनं त्यांना अकपनारला नेलं. दोन टेकड्यांच्या मधलं छोटंसं गाव. वरचा मजला गल्लीवर पुढं आलेली जुनी लाकडी घरं, दारादारांत डब्यांमधून लावलेली फुलझाडं, चौकात भलाथोरला चिनार. चिनाराखाली म्हातारे चिमुकल्या पेल्यांतून कोरा चहा पीत बसलेले. कुणालाच कुठं जायचं नव्हतं. वडनेरच्या पारावरची मंडळी टोप्या बदलून तिथं आणून बसवली असती, तर दोन्ही गावांत कुणाच्या लक्षात आलं नसतं. बाईंना बस थांबायच्या आधीच ते गाव आवडलं.

ज्या घरात त्यांनी खोली घेतली होती त्याच्या समोर हातिजे राहायची. बाईंच्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, कमरेवर हात. तिच्या अंगणात शेजारणी जमून हिवाळ्यासाठी पातळ रोट्या भाजत होत्या. चुलीवर लोखंडी कढई पालथी घातलेली आणि तिच्या पाठीवर रोटी. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना राहवेना.

"दीपे, हे तं आपलं खापर! हे बाया मांडे भाजून राह्यल्या!"

आता मांडे म्हणजे अन्नपूर्णाबाईंचा प्रांत. पंचक्रोशीत लग्न असलं की पालथ्या खापरावर मांडे टाकायला त्यांना बोलावणं यायचं. पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेला उंडा हातावर खेळवत खेळवत धोतराएवढा करायचा आणि खापरावर टाकायचा. पण ते तिकडं. इथं त्या नुसत्या खिडकीत उभ्या राहून बघत होत्या.

संध्याकाळी हातिजे स्वतःहून आली. हातात काठाशी चेपलेली, कल्हई केलेली तांब्याची थाळी, आणि थाळीत द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून दीपमालेनं विचारून घेतलं, मांस नाही ना? नव्हतं. मायलेकींनी थाळी चाटूनपुसून साफ केली.

सकाळी बाई केस विंचरत होत्या.

"थाळी कुठं हाय व, दीपे?"

"देऊन आले ना. घासूनपुसून."

"काय घालून देल्ली?"

"काय म्हणजे? रिकामी."

बाईंच्या हातातला कंगवा खाली पडला. वडनेरात शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही. ताकाचा गडू आला तर त्यात मूठभर शेंगा तरी जातात. रंगराव तर या बाबतीत भलताच कडक. "घरात काही नसलं तं दोन मिरच्या टाक, पण रिकामं पाठवू नको," हा त्याचा कायदा. आणि आज त्यांच्या नावानं, परमुलखात, थाळी रिकामी गेली होती!

"आई, त्यांना नाही काही वाटत..."

"तुले काय माहीत वाटते का नाही वाटत?"

बाईंनी पदर खोचला आणि तडक गल्ली ओलांडली. थाळी आत्ताच्या आत्ता परत आणायची, भरायची, मग मानानं द्यायची, असा त्यांचा बेत. हातिजेच्या स्वयंपाकघरात थाळी फळीवर होती. बाईंनी थाळीकडे बोट केलं, मग स्वतःकडे केलं. हातिजेनं कपाळावर हात मारून घेतला. पाहुणी उपाशी आहे आणि आपल्याला कळलं नाही! तिनं थाळी काढली आणि चीज घातलेल्या गरम रोट्या, वर अक्रोड, असा ढीग रचायला घेतला. बाई दोन्ही हात हलवून 'नको, नको' म्हणाल्या. पण 'नको'ला भीक न घालण्याची रीत तिकडेही आहे. बाई जितक्या जोरात नको म्हणाल्या तितके अक्रोड वाढले.

भरलेली थाळी घेऊन त्या परत आल्या तेव्हा दीपमाला हसून हसून लोळायची बाकी राहिली होती.

"दात काय काढतं? आधी एकडावचं देनं होतं, आता दोनडावचं झालं," बाई म्हणाल्या. "गाडी कवा हाय आपली?"

"उद्या दुपारी."

"मंग आज मांडे."

दीपमाला बाजारात पळाली. हरभऱ्याची डाळ मिळाली नाही, बरणीतले शिजवलेले काबुली हरभरे मिळाले. गूळ नव्हता, पण द्राक्षाच्या रसाचा काळा घट्ट पाक होता आणि साखर होती. वेलदोडे बाईंच्या बटव्यात घरून आलेले. सालं काढून, वाटून, आटवून पुरण झालं. रंग जरा सावळा आला, चव मात्र जमली. मग कणकेचं भांडं, पुरण आणि रिकामी केलेली थाळी घेऊन बाई हातिजेच्या अंगणात गेल्या आणि चुलीकडे बोट करून उभ्या राहिल्या. शेजारणी सरकल्या. जागा झाली.

पहिला मांडा फसला. बाईंनी उंडा हातावर घेतला, खेळवला, तो वाढतही गेला, पण कढईवर टाकायच्या आधीच मधोमध फाटला. पुरण लोखंडावर पडलं आणि करपलं. अंगणभर धूर झाला. शेजारणी एकमेकींच्या कानाला लागल्या. एकीनं आदबीनं आपलं लांब लाटणं पुढं केलं.

बाईंचे कान तापले. घरी गेल्यावर जाऊ काय म्हणेल ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. हे लाटणं घेतलं की सगळं सोपं होतं. एक साधी पोळी लाटायची, थाळीत टाकायची, मोकळं व्हायचं. पण मांडा म्हणून निघायचं आणि पोळी देऊन यायचं, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. त्यांनी लाटणं हसून परत केलं.

त्यांनी कणीक बोटांत धरून पाहिली. या बायका लाटायची म्हणून कणीक घट्ट मळत, आणि इथलं पीठही त्याच तऱ्हेचं. त्याला पाणी जास्त हवं होतं. आणि लोखंड खापरापेक्षा तापट. बाईंनी चुलीतली दोन लाकडं स्वतःच्या हातानं बाहेर ओढली. मग कणकेत पाणी घालून, तेल घालून ती परातीत आपटायला लागल्या. धप्प, धप्प. दीपमालेची तुर्की सगळी गिरणीत शिकलेली, त्यामुळे तिला 'तेल' आणि 'थांबा' एवढं फर्डं येत होतं. तेवढं पुरलं. कणीक हातातून लोंबेपर्यंत बाई आपटत राहिल्या.

मग दुसरा उंडा. पुरण भरलं, तोंड मिटलं, तळव्यावर दाबलं. या हातावरून त्या हातावर. मनगटापर्यंत आला, मनगटावरून कोपरापर्यंत. शेजारणींची कुजबुज थांबली. मांडा दोन्ही हातांवर पसरला, उजेडात त्यातून पुरणाची सावली दिसायला लागली. बाई पुढं वाकल्या आणि त्यांनी हात झटकले. मांडा कढईवर सपाट बसला, एवढीही चुणी न पडता.

"माशाल्लाह!" हातिजे ओरडली.

बाईंनी मांडा उलटला, वर लोणी सोडलं, घडी घातली आणि ती हातिजेच्या थाळीत ठेवली. थाळी दोन्ही हातांनी हातिजेपुढं धरली. हातिजेनं घास मोडला, चावला, डोळे मिटले. मग थाळी शेजारणीकडे देऊन तिनं बाईंना खांद्यांना धरलं आणि दोन्ही गालांचे कडकडून मुके घेतले. वडनेरात असा प्रकार कुणी केला असता तर गहजब झाला असता. अन्नपूर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसतही होत्या. एवढा आनंद त्यांना लेकीच्या निकालाच्या दिवशी झाला होता, त्यानंतर आत्ताच.

मग काय, सगळ्याजणी बाह्या सारून पुढं. प्रत्येकीला हातावर मांडा हवा होता. कुणाचा कोपरात अडकला, कुणाचा थेट मांजरापुढं पडला. "हात ढिला सोड व बाई! ढिला!" बाई चक्क वऱ्हाडीत ओरडत होत्या, बायका तुर्कीत उत्तरं देत होत्या, आणि दीपमालेला मधे बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं. दुपार टळली तरी अंगण हललं नाही. चिनाराखालचे म्हातारेसुद्धा वासानं चहा सोडून फाटकाशी आले आणि त्यांनाही एकेक घडी मिळाली. कोपऱ्यातलं पोतं अंगणाच्या मधोमध बसून हुकूम सोडत होतं. जावेनं ते पाहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी गाडीत बसल्या. गाडी सुरू झाली आणि हातिजे रुमाल सावरत धावत आली. खिडकीतून तिनं काहीतरी जड बाईंच्या मांडीवर लोटलं. तीच ती थाळी, कापडानं बांधलेली, आत सुके जर्दाळू आणि अक्रोड काठोकाठ. बाई परत द्यायला उठेपर्यंत गाडीनं चौक सोडला होता. मागं हातिजे तांब्यातून रस्त्यावर पाणी ओतत होती.

"पाणी काऊन ओतून राह्यली व ते?" बाई दचकल्या. "पाठ वळली अन् पाणी?"

"इकडची रीत आहे," दीपमाला म्हणाली. "गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून ओततात."

बाईंनी मांडीवरच्या थाळीकडे पाहिलं. मग वळणावर पुसट होत गेलेल्या हातिजेकडे पाहिलं, आणि त्यांना हसूच फुटलं.

शेगाव स्टेशनावर रंगराव मुलाला, सागरला, घेऊन घ्यायला आला होता. बायको परत आली हे पाहूनच त्याच्या पोटातला गोळा उतरला होता. घरी अंगणात शेजार जमला. जाऊ सगळ्यात पुढं. बाईंनी कापड सोडलं आणि थाळी मधे ठेवली. रंगरावनं जर्दाळू तोंडात टाकला, दुसरा उचलला, मग थाळीचा चेपलेला काठ चाचपत म्हणाला,

"थाळी कोणाची व?"

"हातिजेची. शेजारीन माही."

"मंग परत..." तो म्हणाला आणि मधेच थांबला. जर्दाळू तोंडातच राहिला.

"तुमीच सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या. "शब्द देल्ला हाय मी, इदेशाचं नाव काढत नाही. दोन मिरच्या टाकतो अन् पोस्टानं धाडतो."

"शेजाऱ्याची थाळी पोस्टानं धाडतेत काय कोणी?" रंगराव उसळला. उसळल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. अंगण त्याच्याकडे बघत होतं. जाऊ बघत होती. बाई तर पदराआड ओठ दाबून बघत होत्या. रंगरावनं थाळीकडे पाहिलं. आपलाच कायदा समोर चकाकत पडलेला, करतो काय!

"सागऱ्या," शेवटी तो म्हणाला, "पासपोर्ट काढाले काय काय लागते बे?"

"आईचा हाय ना, बाबा. पाच-दहा वर्सं काळजी नाही."

"तुया मायचा नाही इचारून राह्यलो," रंगराव म्हणाला. "माया इचारतो. एवढी भरली थाळी ते एकटी उचलून कशी नेईन?"

अन्नपूर्णाबाईंनी मूठभर अक्रोड उचलून जावेच्या ओंजळीत टाकले, आणि कणीक मळायला उठल्या.