घोंगडीखालचा कॉम्प्युटर

आष्टीत आबारावांच्या दारासमोर चपलांचा ढीग पडला होता. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडकीच्या गजांना धरून लोंबकळत होते. आत टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या डब्यावर चारी बाजूंनी काळी घोंगडी लपेटलेली, घोंगडीवर हळदकुंकू. पडद्यावर मोटारींची शर्यत चालू होती आणि आबारावांचा धाकटा मुलगा पुंजाराम भराभर बटणं दाबत होता.

"वाढव वेग!" रखमाजी महाराज गरजले. "वेगानंच घात केला त्याचा. भावाचा वेग त्याला पाहवत न्हाई. ये रायभाना, ये! आत्म्याचं करंट येऊन राह्यलं, हात नका लावू कोणी!"

महाराजांनी असं बऱ्याच वेळा बोलावलं. अखेर पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा फिरत होता, दिवाही चालू होता. बंद पडला तो फक्त कॉम्प्युटर.

"आला! आला!" गर्दी ओरडली. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

दाराच्या चौकटीला टेकून इंद्रायणी मॅडम हे बघत होत्या. त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्याच वर्षी गावात लिंबातून निघणाऱ्या रक्ताचा चमत्कार झाला होता, आपोआप पेटणारा होमही झाला होता. दर वेळी त्याच माणसांना तेच समजावायचं, आणि महिन्याभरात ती माणसं नव्या महाराजापुढं हात जोडून बसायची. बाईंना आता या सगळ्याचा शीण आला होता. पण सकाळी बेबीनंदा त्यांच्या दारात रडत बसली होती, म्हणून त्या आल्या.

बेबीनंदा म्हणजे आबारावांच्या थोरल्या मुलाची, रायभानची बायको. श्रावणात परतूरच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून रायभान गेला. त्याच्या माघारी त्याच्याच कॉम्प्युटरवर ती टायपिंग शिकली. परतूरच्या एका ऑफिसात तिला काम मिळण्याची आशा होती. दिवाळीनंतर मात्र पुंजारामनं गेम लावला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडू लागला. सासू द्वारकाबाईंना वाटलं, लेक येऊन जातो. त्यांनीच महाराजांना बोलावणं धाडलं.

"आता ऐका," महाराज म्हणाले. "सुनेनं या यंत्राला हात लावला, म्हणून आत्मा तळमळतो. सून माहेरी जाईल. यंत्र माझ्या मठात येईल. मंग शांती."

बेबीनंदानं मान खाली घातली. आबाराव हात जोडून उभे राहिले.

"महाराज," इंद्रायणी मॅडम पुढं झाल्या, "तिच्या टायपिंगच्या वेळी का नाही येत तो? तासन् तास करते ती."

"बायकोवर माया असते, बाई."

"मग तिला माहेरी कशाला धाडता?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी डोळे मिटले.

"बरं," बाई म्हणाल्या, "घोंगडी काढून बोलवा एकदा."

"अजिबात न्हाई!" महाराजांचा शिष्य ताडकन उठला. "मागची बाजू झाकल्याबिगर जल्दी येत न्हाई तो!"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. महाराजांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो परत खाली बसला.

बाईंनी घोंगडी ओढून काढली. "आबाराव, हात लावा इथं."

आबारावांनी डब्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. "तापलाय की!"

"दिवाळीनंतर या खोलीत काय ठेवलं होतं तुम्ही?"

"काय म्हंजे? कापूस. भाव येईपर्यंत इथंच भरून ठेवल्ता."

बाईंनी वायर काढली, पुंजारामकडून पेचकस मागून घेतला आणि डब्याची बाजू उघडली. आत एक छोटा पंखा होता. तो उचलल्यावर खालच्या धातूच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या, पण तिथं करड्या कापसाची जाड गादी बसली होती. बाईंनी ती चिमटीनं उचलून सगळ्यांना दाखवली.

"या पट्ट्यांखाली याचा मेंदू असतो. गेम लावला की त्याला फार काम पडतं आणि तो तापतो. टायपिंगला तेवढं काम नसतं. त्याला वारा घालणारा पंखा तुमच्या कापसानं गुदमरलाय. जास्त तापलं की जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. तशी सोयच केलेली असते त्यात. महाराजांनी वरून घोंगडी घातली, म्हणून लवकर तापलं. तापायला लागायचा तेवढाच वेळ आत्म्याला यायला लागत होता."

रंगाच्या कोऱ्या ब्रशनं त्यांनी सगळं झाडून काढलं, पंखा परत बसवला. पुंजारामनं गेम लावला. लोकांचा चहा झाला, पानं झाली, शर्यतीमागून शर्यत संपली. कॉम्प्युटर चालूच होता. मग बाईंनी स्वतःच्या हातानं घोंगडी घट्ट लपेटली आणि गेम पुन्हा चालू ठेवायला सांगितला. काही वेळानं पडदा काळा झाला. या वेळी कुणी "आला" म्हणालं नाही. महाराजांच्या चपला ढिगातून केव्हाच गेल्या होत्या.

लोक हसत पांगले. बाईही निघाल्या, तेवढ्यात द्वारकाबाईंनी त्यांचा हात धरला.

"बाई, म्हंजे... तो येतच न्हवता का कधी?"

कापसाची गादी दाखवणं सोपं होतं, हे सांगणं नव्हतं. बाई त्यांच्याशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "नाही, मावशी. तो नव्हता."

द्वारकाबाई रडू लागल्या. श्रावणात रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या. बेबीनंदा येऊन त्यांना बिलगली आणि सासूनं तिला दूर लोटलं नाही.

"गेलेल्या माणसाची आठवण काढा," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मन भरेपर्यंत रडा. पण त्याच्या नावावर कुणी जिवंत माणसाला घराबाहेर काढायला सांगितलं, तर आधी विचारा, हे घडतं कसं? उघडून बघा. कळेना तर कुणाला विचारा. एवढं तरी करा."

मग आबाराव उठले, त्यांनी टेबल उचलून खिडकीपाशी वाऱ्याला नेऊन ठेवलं आणि सुनेला म्हणाले, "बस. तुझं टायपिंग राह्यलं असंल."