जुलैपर्यंत पळणारा माणूस

रोडा टायटस आमच्या वाचनालयात आली ती हातमोजे न काढताच बोलायला लागली. बाहेर मार्चचा चिखल होता. पायपुसणं ओलांडून तिने तो सरळ माझ्या टेबलापर्यंत आणला. मी खाली चिखलाकडे पाहिलं. मी पाहते आहे हे तिने पाहिलं. आमची ओळख झाली ती एवढ्यावरच.

दगडावरची नावं कोण ठरवतं, असं तिने विचारलं.

पेनफर्डच्या इतिहास मंडळाचं हे वाचनालय मी एकतीस वर्षं सांभाळत होते. त्या जूनमध्ये चार्ल्सटाउनच्या टेकडीवर इंग्रजांशी झालेल्या लढाईला दोनशे वर्षं पुरी होणार होती, आणि त्या लढाईत पडलेल्या आमच्या सहा जणांच्या नावांचा दगड चर्चपुढच्या हिरवळीवर उभा राहायचा होता. दगड येऊन पडला होता, टाकीने कोरायचा राहिला होता. रोडाचं म्हणणं, त्यावर सातवं नाव घाला. तिच्या खापरपणज्याच्याही मागच्या पूर्वजाचं, टायटसचं.

टायटस डीकन बार्लोचा, म्हणजे तेव्हाच्या चर्चच्या एका कारभाऱ्याचा, गुलाम होता. अमेरिकेच्या आमच्या उत्तर भागातही गुलाम होते ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ती पाहुण्यांसमोर काढायची नसते. गिरणीपलीकडच्या काळ्या वस्तीत, रोडाच्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते असं : सतराशे पंचाहत्तरच्या मार्चमध्ये टायटस डीकनच्या घरून पळाला, फौजेच्या एका तुकडीत शिरला आणि जूनच्या सतरा तारखेला टेकडीवर मेला. मागे बायको आणि अंगावर पिणारा मुलगा. त्या मुलाने बापाचं नाव आडनाव म्हणून लावलं.

"आडनाव कसलं," रोडा म्हणाली, "तेवढीच वारसाहक्काने मिळालेली वस्तू."

नावं मंडळाचे अध्यक्ष मिस्टर थॅचर बार्लो ठरवतात, असं मी सांगितलं. त्याच बार्लोंपैकी हे. रोडाला ते माहीत होतं. तिने चाळीस वर्षं गावातल्या नवऱ्यामुलींचे झगे शिवले होते. बार्लोंच्या बहिणीचा, दोन्ही मुलींचा. त्या घरातल्या कंबरा तिला तोंडपाठ होत्या, असं ती म्हणाली, आणि नेमक्या त्याच वेळी मिस्टर बार्लो मागच्या खोलीतून बाहेर आले.

मिस्टर बार्लो कधी आवाज चढवत नाहीत. लोण्यात बुडवून ठेवलेली सुरी असावी तसा त्यांचा आवाज. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मला म्हणाले, "ऑर्फा, टायटसची कार्डं काढ."

ती कार्डं म्हणजे माझा जन्म. सतराशे अडुसष्टपासून निघालेलं आमच्या गावचं साप्ताहिक आमच्याकडे एकही अंक न चुकता आहे, आणि मी नोकरीला लागले तेव्हा मिस्टर बार्लोंच्या वडिलांनी नियम घालून दिला होता : प्रत्येक अंकातल्या प्रत्येक जाहिरातीचं एक कार्ड. वर नाव, खाली घटना, कोपऱ्यात अंकाची तारीख. मी बावीस हजार कार्डं लिहिली. टायटसची चौदा निघाली. मिस्टर बार्लोंनी सगळ्यात मागचं काढून वाचलं. "गुलाम टायटस पळाला. सात जुलै."

मग ते रोडाकडे वळले. जुलैच्या सात तारखेला डीकन ज्याला शोधत होते तो जूनच्या सतराला मेला कसा, असं त्यांनी विचारलं. डीकन धार्मिक होते, मूर्ख नव्हते. आणि घरात सांगितलेल्या गोष्टी लोणच्यासारख्या असतात, मुरता मुरता चव बदलते. वर्तमानपत्राचं तसं नाही, ते त्या दिवशी लिहून मोकळं होतं.

रोडाने कार्डं हातात घेतली आणि एकेक करून उलटली.

"चौदा वेळा पळाला?"

चौदा वेळा छापलं, मी म्हटलं.

"इथे तर 'पळाला' लिहिलंय. दर शुक्रवारी पळतोय." तिने कार्डं टेबलावर ठोकून एकसारखी केली. "दमला असेल बिचारा."

अक्षर माझं होतं.

तिने मूळ अंक मागितले. मिस्टर बार्लो म्हणाले, कागद जुना आहे, हात लावला की भुगा होतो, म्हणून तर कार्डं केली. रोडा म्हणाली, कार्डं या बाईंनी लिहिलीत, मला छापणाऱ्याने काय लिहिलं ते हवंय. गावातल्या कुणालाही अंक पाहता येतील असं मंडळाच्या नियमांत लिहिलेलं आहे, आणि ते नियम दारामागेच टांगलेले आहेत. तिने ते येता येताच वाचले होते. मला अंक आणावे लागले. आणताना मिस्टर बार्लोंनी माझ्याकडे पाहिलं, जणू दार मीच उघडं ठेवलं होतं.

तीन दिवस ती येत राहिली. पाहुण्याला अंकांजवळ एकटं सोडायचं नाही असाही एक नियम आहे, म्हणून तीन दिवस मी तिच्या शेजारी बसले. ती गुणगुणायची, इथे गुणगुणायचं नाही, मी सांगितलं. ती पानाच्या कडेला बोट लावायची. मी म्हणायची, बोटांना तेल असतं. "माझ्या बोटांना सुई लागते," ती म्हणायची, "तेल तुमच्या अध्यक्षांच्या जिभेला." मी दारामागच्या नियमांकडे बोट करायची. उत्तर नसलं की नियम असतात.

तिसऱ्या दिवशी तिने दोन अंक शेजारी शेजारी मांडले. एक एप्रिलच्या सातचा, एक जुलैच्या सातचा.

"मिस टटल, कापड ओळखता येतं तुम्हाला?"

दोन्हीकडे जाहिरातीच्या डोक्यावर तोच ठसा होता, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, आणि पळणारा छोटा काळा माणूस. त्याच्या डाव्या पायातून लाकडाची चीर गेली होती. खाली मजकुराची तिसरी ओळ उजवीकडे झोल खाऊन खाली आली होती. टायटसच्या नावातल्या एका अक्षराचा खिळा इतरांपेक्षा खोल बसला होता. तिने मधले बारा अंकही उलटून दाखवले. तीच चीर, तोच झोल, तोच बसका खिळा. बर्फ वितळला, तो पळाला. सफरचंदाला मोहोर आला, तो पळाला. मोहोर झडला, फळ धरलं, वाढलं, तो आपला पळतोच आहे.

"हा चौदा वेळा शिवलेला कपडा नाही," रोडा म्हणाली. "एकदा शिवलाय. रोज तोच घातलाय."

मला हे माहीत होतं. या पानांशेजारी एकतीस वर्षं बसलेल्या कुणालाही माहीत असतं. एकदा खिळे जुळवून जाहिरात बांधली की छापणारा ती मोडत नसे. जागा हवी होईपर्यंत ती साच्यात उभीच राहायची. मालकाला माणूस सापडो, न सापडो, मरो. त्यात त्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं आणि छापखान्यातले खिळे जुळवणारे दोन्ही जुळारी बंदुका घेऊन निघून गेले. नवं जुळवायला हात नव्हते. म्हणून जुलैच्या अंकात, टायटसच्या शेजारच्याच रकान्यात, येत्या मंगळवारी, अकरा एप्रिलला, एका तपकिरी घोड्याचा लिलाव होणार होता. तो घोडाही माझ्या कार्डांत चौदा वेळा विकला गेला आहे.

मी घोड्यावर बोट ठेवलं. रोडाने तारीख वाचली. मग हळूच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

हो, मी म्हटलं.

"कार्डं लिहिताना?"

पहिल्या वर्षी नाही. नंतर हो.

"मग?"

बावीस हजार कार्डं पुन्हा लिहावी लागली असती, मी म्हटलं. आणि कुणी कधी विचारलं नाही.

"मी विचारतेय."

पुढचं मी चांगुलपणाने केलं असं सांगायला मला आवडेल, पण खरं तर रागाने केलं. तिचा राग, माझा राग, कुणाचा जास्त ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, जुलैत तो जिवंत होता असं यातून ठरत नाही, बरोबर. पण जूनमध्ये मेला असंही ठरत नाही. मिस्टर बार्लो तुम्हाला दारातच हे ऐकवतील. असं म्हणून मी तीस जूनचा अंक काढला.

लढाईत पडलेल्यांची यादी त्यात होती. वर लिहिलं होतं, आपल्या भागातले सात जण पडले. खाली नावं होती सहा. छापणारा मोजताना चुकला, असं मिस्टर बार्लोंनी आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, आणि दगडही त्या हिशेबाने सहांचाच ठरला होता. मीही ते शंभरदा वाचलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी सहाव्या नावाच्या खाली पाहिलं. खाली जागाच नव्हती. खाली पायाला चीर गेलेला तो माणूस गाठोडं घेऊन उभा होता.

रोडाने माझ्याकडे पाहिलं आणि ती गुणगुणायला लागली. आता गुणगुणू नका म्हणायची वेळ नव्हती.

तेव्हाची वर्तमानपत्रं एकमेकांवरच जगायची. घोड्यावरून शेजारगावचा अंक यायचा, त्यातलं उचलून आपल्यात छापायचं. ही यादी आमच्या छापणाऱ्याने उचललेलीच असणार, आणि उचलताना शेवटची ओळ बसली नसणार. म्हणजे जिथून उचलली तिथे ती असणार. मी नदीकाठच्या चार गावांच्या ग्रंथालयांना पत्रं धाडली. अकराव्या दिवशी एकाकडून त्यांच्या जुन्या अंकांच्या फिल्मचं रीळ आलं. यंत्रात घालून मी मूठ फिरवत राहिले. रोडा माझ्या खांद्याशी उभी होती. तीच यादी. तीच सहा नावं, त्याच क्रमाने. आणि सातवी ओळ : आणि डीकन बार्लोचा नीग्रो.

ती ओळ तिने कितीदा वाचली कुणास ठाऊक.

"नाव नाही," ती म्हणाली.

नाही.

"बाकी सहांना आहे."

यंत्राचा दिवा मी विझवला नाही. विझवावा असं वाटलं, पण विझवला नाही.

शनिवारी सकाळी मंडळाची बैठक भरली. पाच सभासद, रोडा आणि मी. मी आमच्या अंकाचं पान आणि रिळावरून काढलेली प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि साच्यातल्या उभ्या जाहिरातींबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. मिस्टर बार्लोंनी सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर त्यांचा आवाज आणखीच मऊ झाला.

"मंडळ साधनाशी प्रामाणिक राहतं. छापलंय तसंच कोरू. 'आणि डीकन बार्लोचा नीग्रो.'"

एक सभासद खोकला. खिडकीबाहेर कुणी तरी गाडी लावत होतं, त्याकडे दुसऱ्याने पाहिलं.

रोडा उठली नाही. बसूनच म्हणाली, "जो मेला त्याचं नाव नाही, आणि जो घरी बसला त्याचं दगडावर. फार प्रामाणिक."

मिस्टर बार्लो म्हणाले, तुमची भावना मी समजतो. पण डीकनकडे आणखी गुलाम असू शकतील. ओळीत टायटस म्हटलेलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे न पाहताच हात पुढे केला. "ऑर्फा, डीकनची बाकीची कार्डं बघ."

मी आदल्या रात्री पाहिली होती. दुसऱ्या कुठल्या गुलामाचं काही नव्हतं. पण मी कार्डांकडे गेलेच नाही. मी जाहिरात उचलली, तीच, झोल खाल्लेली, आणि डोक्यापासून वाचली. माझ्या कार्डात मी त्यातली अर्धी ओळ घेतली होती. डीकनने पूर्ण लिहिलं होतं : माझा एकुलता नीग्रो, नाव टायटस, पळाला आहे, त्याच्यावाचून माझी पेरणी अडली आहे, तरी दयाळू शेजाऱ्यांनी धरून द्यावा.

"एकुलता," मी म्हटलं. "डीकनचेच शब्द आहेत. या कागदाने नाव दिलंय, त्या कागदाने मरण. आपण दोनशे वर्षं एकच वाचला."

"एकतीस वर्षांत तू कधी इतकं बोलली नाहीस," मिस्टर बार्लो म्हणाले.

"एकतीस वर्षांत तुम्ही कधी कागद मागितला नाहीत."

मतं पडली तीन विरुद्ध दोन. नाव जाणार होतं. मिस्टर बार्लोंनी ते वहीत नोंदवलं, टोपण लावलं आणि त्याच श्वासात सांगितलं की सहा नावांची आखणी आधीच झाली आहे, सातवं तळाला जाईल, बसेल तेवढ्या अक्षरात. आणि जुलैपासून वाचनालयाला एखादा तरुण माणूस पाहावा, असं त्यांना बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं. कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही.

मेच्या शेवटी दगडकामाच्या आवारात गेले तेव्हा रोडा आधीच आली होती. खोक्यावर बसली होती, गळ्यात शिंप्याची फीत. मी कशाला आले असं तिने विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं. पाथरवट टायटसच्या नावातलं शेवटचं अक्षर संपवत होता. त्याने भुगा फुंकला. रोडा उठली, गुडघ्यावर बसली आणि पहिलं नाव मापलं. मग तळाचं.

"वरचं दीड इंच," ती म्हणाली, "खालचं सव्वा."

पाथरवट म्हणाला, मंडळाने तसंच सांगितलं.

"काय सांगितलं?"

त्याने खिशातून कागद काढून वाचला. बसेल तेवढ्या अक्षरात.

"दीड इंच बसतंय. जागा आहे. मी मापलीय." तिने पुन्हा मापून दाखवली. "कोरलेलं मोठं करता येतं ना? लहान करता येणार नाही, पण मोठं येतं."

पाथरवटाने दगडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि छिन्नी उचलली. रोडा परत खोक्यावर बसली. मी तिच्यापासून दोन हातांवर पालथ्या बादलीवर बसले. दुपार होईस्तोवर टाकी चालली. धूळ आमच्या दोघींच्याही केसांवर बसली. तिच्या केसांवर जास्त दिसत होती.

"तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही," ती मध्येच म्हणाली.

नका म्हणू, मी म्हटलं.

"तुमच्यामुळे उशीर झाला. माझे वडील विचारायला आले होते. तुम्ही त्यांना कार्ड दाखवलं होतं."

मला ते आठवलं नाही. किती जणांना मी कार्डं दाखवली होती. मी तसं तिला सांगितलं नाही. न आठवणं हे सांगण्यासारखं नव्हतं.

पाथरवट बाजूला झाला. ती पुन्हा गुडघ्यावर बसली, फीत नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत ताणली. ताणताना दुसरं टोक सारखं निसटत होतं.

"इकडे या," ती मान न वळवताच म्हणाली. "हे टोक धरा. सैल सोडू नका."