मेथीच्या जुडीवर सातारा

विष्णुपंत आठल्ये सांगलीत एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. पोती किती आली, किती गेली, तोलाई किती, हमाली किती, हे वळणदार अक्षरात लिहायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. पण ज्याला बेरीज येते त्याला इन्कम टॅक्सही येतो, अशी लोकांची पक्की समजूत असते. भटजीला लग्न लावता येतं म्हणून त्याला बाळंतपणाला कुणी बोलावत नाही. दिवाणजीला मात्र खुशाल बोलावतात.

त्यातून सांगली पडलं संस्थान. साताऱ्याकडे चालायचा तो इंग्रजी टॅक्सचा कायदा विष्णुपंतांच्या अडतीला लागूच नव्हता. टॅक्सचा कागद कसल्या रंगाचा असतो हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. पण लढाईचे दिवस होते. मालाचे भाव चढलेले, आणि इंग्रजी मुलखात ज्याच्या कनवटीला चार पैसे जास्तीचे आले त्याची झोप उडालेली. ही झोप उडालेली मंडळी देवळात, न्हाव्याच्या दुकानात, मयताला गेलं तर तिथंसुद्धा विष्णुपंतांना गाठायची.

"मला त्यातलं काही कळत नाही हो," विष्णुपंत काकुळतीला येऊन सांगायचे.

"बरोबर आहे," समोरचा डोळा मारून म्हणायचा, "असं उघड्यावर कोण सांगेल?"

हे असंच चाललं असतं, पण एका दुपारी आष्ट्याचा आकाराम हळदीच्या गाड्या घेऊन आला. अंगानं पैलवान, पण तोंड पार उतरलेलं.

"आवं दिवाणजी, सरकार म्हनं हळदीवर बी कर बसवतंय. व्हय का? हळद पेवातच गाडून ठिवू म्हनतोय."

आदल्याच संध्याकाळी विष्णुपंतांनी भडंग खाल्लं होतं, आणि ते ज्या वर्तमानपत्रात बांधून आलं होतं त्यावर एक ओळ होती. ती त्यांच्या तोंडून निघून गेली. "शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसतो रे."

आकारामानं पुढं कुठल्या तरी वकिलाला विचारलं, तर ते खरंच निघालं. झालं. सगळ्या आष्ट्यात त्यानं सांगून टाकलं, की सांगलीच्या दिवाणजीनं नुसतं तोंडातनं काढलं आन् सरकारनं आपला कर माफ केला. आष्ट्याहून ही गोष्ट निघाली ती वाटेत फुगत फुगत साताऱ्यापर्यंत गेली.

साताऱ्याला तात्या रिसबूड राहायचे. त्यांच्या दोन मोटारी होत्या. उंब्रजहून सातारा आणि साताऱ्याहून महाबळेश्वर अशा त्या धावायच्या. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा त्यांनी मागं कोळशाच्या भट्ट्या बसवल्या आणि गॅसवर मोटारी चालवल्या. चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायचं. तरी धंदा जोरात होता. तात्यांना एक मुलगा, दिनकर. तो हायस्कुलात गणित शिकवायचा आणि लग्नाचा होता.

विष्णुपंतांची शरयूही लग्नाची होती. मॅट्रिक झालेली, चुणचुणीत. पाहायला यायचे त्यांना पोहे आवडायचे, मुलगी आवडायची, आणि मग हुंड्याचा विषय निघाला की विष्णुपंत आणखी पोहे आणायला आत जायचे. अशी बरीच स्थळं आली नि पोहे खाऊन गेली. दिनकर पाहायला आला तेव्हा त्यानं तिला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही विचारलं नाही. तो म्हणाला, "सारखे पोहे करून कंटाळा येत नाही?" शरयू आत जाऊन आईला म्हणाली, "हे स्थळ मोडलं तर पुढचं बघू नका."

त्याच दुपारी देण्याघेण्याची बैठक बसली. तात्यांनी सुपारी कातरता कातरता घसा साफ केला.

"हुंडा नको. मानपान नको. आमचं इन्कम टॅक्सचं तेवढं तुम्ही बघायचं."

विष्णुपंतांनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दाराआडून त्यांच्या बायकोचा, विनोदिनीबाईंचा, खोकला ऐकू आला. संसार मुरलेल्या माणसाला त्या खोकल्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण तोंड तर उघडलेलं, आणि बैठक पाहतेय. विष्णुपंतांना एकच वाक्य येत होतं, ते त्यांनी म्हटलं.

"शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसतो."

तात्यांचा अडकित्ता थांबला. "शेतीच्या?"

"शेतीच्या."

"आलं लक्षात," तात्या हळू आवाजात म्हणाले, आणि साखरपुड्याचंच बोलायला लागले. काय लक्षात आलं हे विचारायचा धीर विष्णुपंतांना झाला नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी बायकोपुढं हात जोडले. "अगं, हे पोरीला फसवून देणं झालं. उद्या उघडं पडलं म्हणजे?"

"खोटं बोलू नका," विनोदिनीबाई म्हणाल्या. "पण खरं सांगायलाही जाऊ नका."

या दोहोंच्या मधे माणसानं उभं कुठं राहायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

वैशाखातला मुहूर्त धरला. पत्रिका छापून आल्या. आणि मग साताऱ्याहून तात्यांची तार आली. 'टॅक्सच्या साहेबांनी बोलावलं आहे. ताबडतोब निघा. तुमची युक्ती जोरात चालू आहे.' आपण कसली युक्ती दिली, हे विष्णुपंतांना कितीही डोकं खाजवून आठवेना.

मजल दरमजल करत ते उंब्रजला आले, तर समोरच तात्यांची मोटार उभी. तिच्या टपावर बुजगावणं होतं. विष्णुपंतांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टपाला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या, आत गुडघाभर माती, आणि मातीत हिरवीगार मेथी. बुजगावण्याच्या अंगात खाकी सदरा. एक शेळी बॉनेटवर पाय देऊन वर पोचायचा प्रयत्न करत होती आणि धुळा कंडक्टर तिला हाकलत होता.

विष्णुपंत आत बसले, तसा धुळानं त्यांच्या मांडीवर मेथीची जुडी टाकली आणि साताऱ्याचे पैसे मागितले.

"आणि तिकीट?"

"तिकीट म्हनू नगासा," धुळा दबक्या आवाजात म्हणाला. "मालकानं बजावलंय. ह्यो शेतमाल हाय. तुमी भाजी घेतलीसा. आता शेतात बसा जरा."

"शेतात?"

"ही मोटार न्हाई आता. सांगलीचं कोन लय मोटं डोकं हाय म्हनं, त्येनं कायदा काढलाय."

विष्णुपंतांनी जुडी तोंडासमोर धरली. शेजारी हरणाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती आपणहून बोलायला लागली.

"मी लेकीकडं जाती साताऱ्याला. जाताना जुडी, येताना जुडी. जावय म्हनतोय, सासूबाई, तुमी येनार म्हटलं की आमाला मेथीचंच भ्या वाटतंय. त्या सांगलीवाल्याच्या तोंडाला चव राहू ने, बघा."

"खरंय," विष्णुपंत मनापासून म्हणाले. वरून त्यांच्या टोपीवर पाणी ठिबकायला लागलं. धुळानं पिकाला पाणी सोडलं होतं.

इन्कम टॅक्सच्या साहेबांपुढं तात्या छाती काढून बसले. विष्णुपंत त्यांच्या शेजारी, आणि मागं दिनकर. साहेब वयस्क, किडकिडीत. त्यांच्या टेबलावर पुरावा म्हणून एक सुकलेली जुडी ठेवली होती.

"मोटारींचं उत्पन्न दाखवलेलं नाही तुम्ही," साहेब म्हणाले.

"मोटारींना उत्पन्नच नाही. ते शेत आहे."

"शेत."

"फिरतं शेत. गिऱ्हाईक मेथी घेतं, घेतली की दमून शेतातच बसतं. आता शेत साताऱ्याला निघालं तर तेही बरोबर येतं. त्याला आपण काय करणार?"

साहेबांनी टाक खाली ठेवला. "आणि नांगरट?"

"खड्ड्यांतून गाडी गेली की आपोआप होते," तात्या म्हणाले. "महाबळेश्वरच्या गाडीवर पावसाळ्यात भात लावायचा विचार आहे."

साहेबांनी टेबलावरची सुकलेली जुडी उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, "हे डोकं कुणाचं?"

तात्यांनी अभिमानानं विष्णुपंतांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे होणारे व्याही. यांच्या शब्दावर अख्खं आष्टं चालतं."

हो म्हणावं तर खोटं बोलून पोरीचा संसार उभा करायचा. नाही म्हणावं तर तो उभा राहण्याआधीच मोडायचा. दाराआडून खोकायला इथं विनोदिनीबाई नव्हत्या. विष्णुपंतांना शरयूचा चेहरा आठवला आणि अगदी रडू यायच्या बेतात आलं. पण पाठीमागं तो मुलगा बसला होता, आणि त्याच्यासमोर खोटं बोलायला जीभ वळेना.

"साहेब, मला इन्कम टॅक्समधलं काही येत नाही," ते म्हणाले. "मी हळदीची पोती लिहितो."

तात्या मिशीत हसले.

साहेबांनी त्यांना नीट निरखलं. "हा कायदा कधीचा, ते तरी?"

"नाही माहीत."

"उत्पन्न म्हणजे काय?"

"आमच्याकडे फारसं नसतं. त्यामुळे नक्की सांगता येणार नाही."

"मग शेतीवर टॅक्स नाही, हे कुठं वाचलंत?"

"भडंगाच्या पुडीवर. पुढचा कागद फाटला होता."

साहेब खुर्चीत मागं रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं सुख दिसलं. "या खोलीत रोज माणसं येतात," ते म्हणाले, "आणि प्रत्येकाला माझ्याहून जास्त कळतं. येत नाही म्हणणारा माणूस मला आज भेटला." मग ते तात्यांकडे वळले. "टॅक्स पुरता भरावा लागेल, आणि ती मेथी उतरवा. दंड खरं म्हणजे मोठा बसतो. पण दंड आहे तो जाणूनबुजून लबाडी करणाऱ्याला. तुमच्याकडे जाणणारं कोणीच दिसत नाही. यांच्या तोंडाकडे बघून माझी खात्री पटलीय. जा."

बाहेर पायरीवर येताच तात्यांनी विष्णुपंतांना कडकडून मिठी मारली. "मोठ्या दंडातून सोडवलंत. काय ते सोंग! भडंगाची पुडी काय, फाटका कागद काय. एकदा हसू म्हणून आलं नाही चेहऱ्यावर."

"तात्या, ते सोंग नव्हतं. देवाशपथ सांगतो, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"माझ्याशीसुद्धा?" तात्या खूश होऊन म्हणाले. "व्याही असावा तर असा. दिनकर, यांना मोटारीत नीट बसवून दे. आणि वरची भाजी काढायला सांग धुळाला." असं म्हणून ते ओळखीच्या चार जणांना ही हकीकत सांगायला निघूनही गेले.

विष्णुपंत आणि दिनकर मोटारींच्या तळाकडे चालायला लागले. तात्या राहिले अंधारात, पण या मुलाला तरी ठेवायचं नाही, असं विष्णुपंतांनी मनाशी ठरवलं. लग्न मोडलं तर मोडलं.

"दिनकरराव, मी तिथं बोललो ते सगळं खरं होतं."

"ठाऊक आहे मला," दिनकर म्हणाला.

विष्णुपंत रस्त्यातच थांबले. "कधीपासून?"

"बैठकीच्या दिवसापासून. आम्ही निघताना शरयू हातावर पाणी घालायला आली होती. तांब्या तिरका करता करता म्हणाली, माझ्या वडिलांना टॅक्समधलं काही येत नाही. ते भिडस्त आहेत, त्यांना सांगवणार नाही, म्हणून मी सांगते. एवढ्यावरून मोडायचं असेल तर आत्ताच मोडा, पत्रिका छापल्यावर नको."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तात्यांना कळू देऊ नका. नाहीतर ते हुंडा मागतील."

मोटार सुटेपर्यंत दिनकर खाली उभा होता. विष्णुपंतांना मुलीचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची तेवढीच लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ज्या लग्नासाठी त्यांनी इतके दिवस झोप घालवली, ते शरयूनं पहिल्याच दिवशी, हातावर पाणी घालता घालता, ठरवून टाकलं होतं.