पाइपवरचा बर्फ

एसी दुरुस्त करणाऱ्याच्या बहिणीच्याच घरचा एसी कायम रडत असावा, यात नवल ते काय! धाकटा भाऊ गावभर लोकांच्या खोल्या थंड करत हिंडायचा आणि ताईला म्हणायचा, "येत्या रविवारी नक्की." तो रविवार काही उजाडत नसे. दाजी त्याला थंडोबा म्हणत, तेही तोंडावर. दाजींना कशालाही नावं ठेवायची हौस होती: चहा पांचट, उशी टणक, बातम्या शिळ्या.

यंदा दाजींचं हृदय थकलं. खोली गार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईने खिडक्या लावून घेतल्या आणि एसी दिवसरात्र चालू ठेवला. आठवडाभराने तिने भावाला फोन केला, तेव्हा हा एका गच्चीवर शिडीवर उभा, तोंडात दोन स्क्रू.

"अरे, बाहेरच्या बारीक पाइपवर चक्क बर्फ धरलाय! इतका झकास चाललाय."

"वा वा," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

पाइपवर बर्फ म्हणजे गॅस गळतोय आणि खोली पुरेशी गार होत नाहीये, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खाली उतरून फोन करू, असं त्याने ठरवलं. खाली उतरला तर दुसरं गिऱ्हाईक वाट बघत होतं, आणि ते राहूनच गेलं. चार दिवसांनी फोन आला तो दाजी गेल्याचा.

माणसांची ये-जा थांबल्यावर ताईनेच त्याला बोलावलं. "मशीन उघडून बघ," एवढंच म्हणाली. त्याने बाल्कनीतल्या युनिटचं झाकण काढलं. पाइपच्या जोडाखाली तेलाचा काळपट ओघळ होता. साबणाचा फेस लावला, तर बारीक बुडबुडे येत राहिले.

ताई दारात उभी होती. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती.

"नीट होतं ना रे मशीन?"

तो फेस पुसत राहिला.

"ते सारखे म्हणायचे, गरम होतंय, जीव घाबरा होतोय. मी खेकसले त्यांच्यावर. म्हटलं, बाहेर बर्फ धरलाय आणि तुम्हाला कसलं गरम होतंय? नाटकं पुरे. मग गप्प झाले. शेवटचे दोन दिवस बोललेच नाहीत."

हृदय तसंही फार दिवस साथ देणारं नव्हतं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आता नुसतं "नीट होतं" म्हटलं की ताई सुटणार होती, आणि तोही. शब्द ओठांवर आले. पण मग दाजी खोटे ठरत होते, आणि भांडायला ते येणार नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाही ताई. गॅस गळत होता. बर्फ हीच त्याची खूण. तू फोनवर म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. मी आलो नाही."

ताईने त्याला बोल लावला नाही.

"म्हणजे खरंच गरम होत होतं त्यांना?"

"हो."

ती आत गेली, रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसली आणि चादरीवरून हात फिरवत हुंदक्यांतून म्हणाली, "अहो, खरं होतं हो तुमचं."